कच्चा धागा

कॉव्हेंट्रीत शेरबोर्न नावाची नदी आहे,
पण गावाखालून वाहते,
दुकानं, बसथांबे, सगळं तिच्या डोक्यावर.
कंपनीनं गाडीला तिचंच नाव दिलं.
लहान नाही, फार मोठीही नाही,
डॉक्टरनं घ्यावी आणि शेजाऱ्यांनी बघावी अशी.

पहिलीच्या सीटांवर मी टीप घातली, त्र्याहत्तर साली.
अक्रोडाचं लाकूड, करंगळीएवढं बारीक स्टिअरिंग,
दार लागायचं तिजोरीसारखं
आणि नोव्हेंबरात गळायचंही.
मॉरीन टँडीनं विचारलं, "हात कुठं बसला तुझा?"
म्हटलं, वडलांकडं.
पुढं काही म्हटलं नाही.

आण्णा कापशीला चपला बांधायचे.
रापी, आरी, वाद्या,
आणि वरून टाकलेले पैसे.
गावानं त्यांची चप्पल पायात घातली,
त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.
इथं त्याच कामाचं ब्रोशर निघालं,
त्यात माझ्या हातांचा फोटो,
फक्त हातांचा,
जरासा उजळ करून.

दुसरी आली त्र्याऐंशीत, पट्टी ठेवून आखलेली.
घड्याळातले काटे गेले, आकडे आले.
संप झाले. आठवडा तीन दिवसांवर आला.
पाठ टेकते तिथं चामडं,
नजर पोचत नाही तिथं रेक्झिन.
हे गणित मला नवं नव्हतं.
पुढं एक जुनी आम्हीच घेतली.
श्रीपती ती चालवायचा कमी, धुवायचा जास्त.
मागच्या सीटची डावी टीप माझीच निघाली :
कोपऱ्यात एक टाका जादा, ही माझी खोड.

तिसरी गोल झाली, साबण झिजावा तशी.
मालक बदलले, दारावरची पाटी बदलली,
आणि इऑन प्रॉसर नावाचा कोवळा इंजिनिअर म्हणाला,
सीटच्या कडेत आता हवेची पिशवी असणार.
एवढ्या सात इंचांत धागा कच्चा घाला.
धक्का बसला की इथली शिवण
उसवली पाहिजे. एका क्षणात. सगळी.

बावीस वर्षं मी न उसवणारं शिवत आले होते.
चप्पल झिजावी, टाका नाही,
आण्णांनी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं.
माझे चाळीस नमुने नापास झाले.
फार घट्ट, इऑन म्हणायचा, फार घट्ट.
एकेचाळिसावा फाटला.
काचेपलीकडं पांढरी पिशवी भसकन फुलली
आणि रबरी बाहुला
मान शाबूत ठेवून बसून राहिला.

त्या रात्री जेवताना
वृषालीला मी पहिल्यांदा सांगितलं
गावात पैसे कसे टाकायचे ते.
तिचा घास हातातच राहिला.
श्रीपती उठून नळाशी गेला, बराच वेळ भांडी विसळत बसला.

चौथीबद्दल फार सांगण्यासारखं नाही.
रुंद झाली, उंच झाली,
कागदावर मध्यमच, पण गल्लीतल्या गॅरेजात मावेना.
तोवर माझी मनगटं गेली होती.
निरोपाला त्यांनी घड्याळ दिलं. काट्यांचं.

पाचवी वृषालीनं हप्त्यांवर आणली.
इंजिन नाही. चामडं नाही,
सफरचंदाच्या सालीचं काहीतरी आहे, म्हणाली,
आई, कुणाला मारावं लागत नाही.
बरं झालं, म्हटलं, आणि खरंच बरं वाटलं.
मग डॅशबोर्डवर टाक्यांची ओळ दिसली,
सरळ, एकसारखी.
नखानं चाचपली.
धागाच नव्हता.
साच्यातून उठवलेले टाके,
कशालाच कशाशी न जोडणारे.

गावात आता नदीचा एक तुकडा उघडा केलाय.
परवा तिथं थांबलो.
कठडा, घोटाभर पाणी, एक उलटी पडलेली ट्रॉली.
"एवढीच?" वृषाली म्हणाली.
मी काच खाली घेतली.
गाडी चालू आहे की बंद, मला कळेना.
पाण्याचा आवाज मात्र येत होता.