मंत्री हरवला त्या वर्षी

फॉर्म टूला मी शासनाची तीन अंगं शिकवत होते.
फळ्यावर तीन गोल, गोलांमधून बाण,
हातात नखाएवढा खडू, बाहेर सेरोवेची तापलेली वाळू,
आणि अडतीस मुलं वहीत गोल काढत होती
काकणांसारखे, सुबक, रिकामे.

खिडकीजवळच्या केनोसीने हात वर केला.
दोन वर्षांत पहिल्यांदा.
"बाई, मंत्री हरवला तर कुणाकडे जायचं?"
वर्ग फुटला. आधी मीही हसले.

मंत्री म्हणजे तिच्या मामाचं गाढव.
काम सांगितलं की जागचं हलत नसे,
म्हणून मामाने हे नाव ठेवलेलं.
सरकारी माणसांनी भटकं म्हणून कोंडवाड्यात घातलं,
मग लिलावात गेलं,
चारशे पुलांना.

पुला म्हणजे आमचा पैसा. पुला म्हणजे पाऊस.
सभा संपताना सगळे मिळून हेच ओरडतात
आणि कुणाला काय हवंय
ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी पुस्तक मिटलं. धाडस वगैरे काही नव्हतं,
मला उत्तर येत नव्हतं.

जिल्हा कचेरीतून कायद्याची झेरॉक्स आणली,
शेवटचं पान काळं आलेलं.
एकेक वाक्य चौघांनी मिळून फोडायचं,
शेंगदाण्याच्या टरफलासारखं,
आत कधी दाणा, कधी नुसतीच धूळ.
"मालकाला कळवणे," केनोसी थांबली.
"कळवणे म्हणजे सांगणे, की लिहून ठेवणे?"
मागच्या बाकावरून दिथापेलो उठला:
"आणि आमची ज्वारी खाल्ली त्याचं काय?
तुझ्या मंत्र्याने. आईने दोनदा पेरली होती."
त्या तासाला घंटा झाली ती कुणी ऐकली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोतलाला पायरीच नाही.
मोपानीच्या ओंडक्यांची अर्धी चंद्रकोर,
मध्ये कालची राख, वर मोरुलाचं झाड,
खुर्ची ज्याने त्याने घरून आणायची.
बाईमाणसाने पँट घालून यायचं नाही,
मी विसरले होते. शेजारणीने शाल दिली कमरेला.
केनोसीने कानात विचारलं,
हा नियम कुठल्या पानावर आहे?

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली
आणि गाढव परत मागितलंच नाही.
"नोटीस लावली होती म्हणता. कुठे लावली होती?"
कारकून म्हणाला, कचेरीच्या दारावर.
"दाराच्या कुठल्या बाजूला?"

दार दिवसभर सताड उघडं, भिंतीला टेकलेलं.
कागद दाराच्या आणि भिंतीच्या मध्ये.
रात्री दार लागतं तेव्हा वाचायला फक्त पाली.

एक म्हातारा कडाडला: पोरीबाळींनी
आता मोठ्यांची दारं तपासायची का?
कोसीने टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला.
"वाकडं बोलणाऱ्यालाही त्याचं बोलू द्यायचं,
ही आपली जुनी रीत," तो म्हणाला.
त्याने हे तिच्याकडे बघून म्हटलं की म्हाताऱ्याकडे,
अजून आमच्या वर्गात एकमत नाही.
मग कारकुनाला: "प्रश्न लिहून घे. तिच्याच शब्दांत."

मंत्री परत आला नाही.
कुठल्याशा गावात कुणाचं तरी पाणी ओढत असेल,
किंवा नसेल ओढत, त्याचा स्वभाव बघता.
मामा आता स्वतः गाडा ढकलतो.
पुढची नोटीस झाडावर लावली, ती शेळीने खाल्ली.
त्यापुढची उंच लावली.
दिथापेलोच्या आईला ज्वारीचं काहीच मिळालं नाही,
तो अजून केनोसीशी बोलत नाही,
पण भांडताना आता "कलम" म्हणतो.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला:
शासनाची अंगं किती? सविस्तर लिहा.
केनोसीने लिहिलं:
"तीन. पण दार लावून मागेही बघावं."
बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत एवढंच: तीन, नावं, कामं.
मी दहापैकी चार दिले.

लाल पेन अजून हातात आहे.
बेरीज बरोबर आहे,
मी तीनदा केली.