सदतिसावा किलोमीटर

पहाटे पाचला, तोरणमाळच्या तलावाकाठी
छातीवर एकशे बारा नंबर लावताना
टाचणी बोटात गेली.
वीस वर्षं शहाद्याच्या बँकेत कागद टाचतोय,
तरी.

पहिल्या उतारावर गुडघे गप्प होते.
सागाची वाळकी पानं
बिबड्यांसारखी फुटत होती पायाखाली.
पंधराव्याला केळं, बाविसाव्याला मीठ-पाणी,
मग नुसतं ऊन
आणि जुन्या ऑइल इंजिनासारखा
माझाच श्वास.

सदतिसाव्याला वाट फुटली.
खुणेची गुलाबी फीत कुठेच नाही.
मोहाखाली शेळ्या राखत एक पोरगी,
वेस्ती नाव, ते नंतर कळलं,
तिच्या दोन्ही वेण्यांत
आमचा रस्ता बांधलेला.

रागवायला दम नव्हता.
"कोन लागलंय तुझ्या मागे?"
कोणी नाही.
"मग काय हरवलं?"

हनुवटीनं तिनं खालची वाट दाखवली
आणि निघाली पुढे, अनवाणी,
शेळीला शिव्या देत, चालत.
मी पळतोय मागून
आणि अंतर वाढतंय.

ओढ्यापाशी तिनं एक वेणी सोडली,
जरा विचार करून
फीत करंजाच्या फांदीला बांधली.
दुसरी ठेवली.

कमानीपाशी पोचलो तेव्हा
खुर्च्या टेम्पोत चढत होत्या,
पदकांचं खोकं चिकटपट्टीनं बंद.
भावसार म्हणाला,
"कितला टाइम लागना रे भो?"

मी बूट काढले, मोजे काढले,
पायाची नखं मोजली.
आठ.