पुस्तक परत

माझगावच्या आमच्या हॉलला चावी एकच.
सकाळी वाचनालय.
दुपारी काचेची कपाटं उघडली की संग्रहालय:
नवगावहून आणलेल्या घाण्याचा खुंट,
कुणाच्या तरी लग्नातला जरीचा टोप,
मराठी अक्षरांत उतरवलेल्या हिब्रू प्रार्थनांची वही.
रविवारी पडदा सोडतो.
रहमिमकाका प्रोजेक्टरला तेल घालतात, म्हणतात,
"आपण तेलीच. यंत्र तेवढं बदललं."

काल एक पोरगा आला, अश्दोदहून.
पिशवीतून काढलं आमचंच पुस्तक.
शिक्का आमचा. कार्डावर
सव्वीस जुलै एकोणीसशे चौसष्ट,
एस्तेर किहीमकर.
"आजीचं," म्हणाला, आणि वाटेत घोकून आणलेलं,
"दंड किती?"

रोजचा एक पैसा धरून
मी आकडे मांडले. मग खोडले.
रजिस्टरात लाल शाईनं 'परत' लिहिलं, नेहमीसारखं.
पण ठेवायचं कुठे?
फळीवर, की काचेत, खुंटाशेजारी?

रहमिमकाका शिडीवरून उतरले,
तेलाचे हात सदऱ्याला पुसले,
पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं
आणि खिशातून काढून पुढे केलं
स्वतःचं कार्ड, चौघड्या पडलेलं.

"तिच्यानंतर माझा नंबर होता."