ईंग म्हणजे राहिनू

पाचवीत आमच्याकडे इंग्रजी आली
ती जूनमध्ये नाही, भुईमूग निघाल्यावर,
कारण आधीचे सर बदलून गेले
आणि नवे यायला आश्विन उजाडला.
तोवर आमचं इंग्रजी एका श्वासाचं होतं :
मेआयकमिनसर.
त्यात शब्द किती, ते कुठे तुटतात,
कुणी मोजलं नव्हतं.
एकदा तर रिकाम्या खुर्चीला विचारून
अख्खा वर्ग आत आला.

बाविस्कर सर अनेरच्या पलीकडचे.
पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं
धिस इज माय स्कूल,
आणि म्हणाले, आता हे घरच्या बोलीत सांगा.
आम्ही गप्प.
घरची बोली तोंडातून निघाली
की आधीचे सर चार आणे घ्यायचे,
डब्यात टाकायचे, डबा कपाटात ठेवायचे.
शेवटी निंबा कपाटाकडे बघत म्हणाला,
हाई मनी शाळा शे.
सरांनी इजखाली रेघ ओढली :
हा बघा तुमचा शे.
तुमच्याकडे शेवटी बसतो,
त्यांच्याकडे मध्येच येऊन बसलाय.

मग आला गोइंग.
सरांनी आधी पुस्तकी सांगून पाहिलं, मी जात आहे.
आमच्यातलं कुणी कधी
असं गेलंच नव्हतं.
आम्ही जाई राहिनू.
सर खडू हातात धरून हसले,
बरोबर, ईंग म्हणजे राहिनू.
झालं. दुपारभर
घंटा वाजिंग, शेळी व्हरांड्यात बसिंग,
उखा शिपाई तंबाखू मळिंग.
सर म्हणाले, लेकांनो, शब्दही त्यांचा घ्या,
नुसतं शेपूट काय लावता.

मी उभी राहिले.
सर, निंबा म्हणतो जाई राहिनू,
मी म्हणते जाई राहिनी.
मग मुलींचा ईंग कोणता?
सर जरा थांबले.
एकच, म्हणाले.
जाणारं कोण आहे, ते गोइंग विचारत नाही.

कोकिळा, माझी बहीण, सातवी करून घरी बसलेली.
हायस्कूल चोपड्याला, एसटी सकाळी पावणेसातला,
आमच्या थांब्यावरून तिच्यात मुलगे चढायचे.
रात्री ती कळण्याची भाकरी थापत होती.
मी म्हटलं, ऐक, शी इज गोइंग.
कोण ती?
मी बोट तिच्याकडे केलं.
ती हसली नाही की रागावली नाही.
भाकरी उलटली आणि म्हणाली,
आधी लाकूड पुढे सार,
चूल इझी राहिनी.

कार्तिकात निंबा नऊ दिवस आला नाही.
दहाव्या दिवशी आला तेव्हा
बोंडांनी बोटं ओरबाडलेली,
केसांत कापसाचा एक तंतू अडकलेला.
व्हाय अ‍ॅबसेंट?
निंबानं वर छताकडे पाहिलं,
मग एकेक शब्द ठेवावा तसा ठेवला :
आय अ‍ॅम पिकिंग, सर. कॉटन.
वर्गात कुणी हललं नाही.
आमच्यापैकी कुणीतरी
पुस्तकात नसलेलं बोललं होतं.
सर म्हणाले, शाबास. फक्त अ‍ॅम नको, वॉज.
झालेलं आहे ना? वॉज म्हणजे व्हतू.
निंबा विचारात पडला.
सर, अजून अर्धं वावर बाकी शे,
म्हणाला,
अ‍ॅमच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना
सर निंबाच्या नावाशी आले.
अ‍ॅबसेंट म्हणायचं, एवढं
आम्हाला जूनपासून येत होतं.
कुणी म्हटलं नाही.
मागच्या रांगेतून एक आवाज आला, पिकिंग सर,
मग दुसरा, मग आम्ही सगळे.
सरांनी काय लिहिलं ते दिसलं नाही.
कपाटाचं दार उघडं होतं, मध्ये येत होतं,
आणि आत तो डबा,
अजून तसाच, आमच्या चार-चार आण्यांनी भरलेला.