एकतीस मिलिमीटर

संध्याकाळी रंग घालून ठेवते, सदतीस अंशांवर.
सकाळी ज्या पेशी निळ्या झालेल्या असतात
त्या म्हाताऱ्या.
एवढंच माझं काम, सव्वीस वर्षं,
तार्तूच्या या इमारतीच्या तळघरात.

म्हाताऱ्या म्हणजे मेलेल्या नव्हेत, काल्यू.
हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही.
बशीतली पेशी पन्नासेक वेळा दुभंगते,
दर वेळी टोकाशी जराशी उसवते,
मग एके दिवशी थांबते. पसरते,
तव्यावर पातळ झालेल्या धिरड्यासारखी.
खाते-पिते, पण वंश वाढवत नाही.
हे तिचे उपकारच:
बिघडलेली पेशी अशी वेळेवर थांबते म्हणून
कितीतरी गाठी जन्मालाच येत नाहीत.

सोमवारी लेपिकबाईंनी पडद्यावर तुझी गाठ मापली.
शरदात एकतीस, आताही एकतीस.
“स्थिर,” त्या म्हणाल्या.
गाडीत बसल्यावर तू तो शब्द
लिमलेटच्या गोळीसारखा गालात घोळवत राहिलास.
मी बाहेर काचेवरचा बर्फ खरवडत होते,
खरवडून झाल्यावरही.

कारण तुझं औषध काय करतं, ते मी रोज बघते.
काहींना मारतं.
उरलेल्यांना म्हातारं करतं.
आणि म्हाताऱ्या का गप्प बसणार आहेत?
जागेवरून हलत नाहीत, पण शेजाऱ्यांचे कान भरतात.
कधी पहारेकऱ्यांना हाक मारतात, या, आम्हाला उचला;
कधी त्याच तोंडानं शेजारणीला म्हणतात,
तू वाढ गं, मी आहे.
आणि एखादी,
क्वचितच, फार दिवसांनी,
उठून चालायला लागते.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.
बरं, आणि म्हातारी मेलीच नाही तर?
मग कोण सोकावतं?

वरच्या मजल्यावर आता दुसरं औषध आलंय.
पहिल्यानं म्हातारं करायचं, दुसऱ्यानं वेचून मारायचं.
बशीत छान चालतं. उंदरात बऱ्यापैकी.
माणसाचं विचारलं की सगळे कॉफी आणायला उठतात.
“म्हाताऱ्या झाडून टाकल्या की झालं,”
आमचा रास्मुस म्हणाला, वय चोवीस.
मी त्रेसष्टची. चष्मा पुसला, पुढची बशी लावली.

आज रविवार. एमायोगी गोठलीय.
तू स्टूल घेतलंस, बर्फाला भोक पाडायचा गिरमिट घेतलास,
टोपीखाली नवे केस, बाळाच्या जावळासारखे.
टाच आपटून म्हणालास, “बारा सेंटिमीटर. स्थिर!”
आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसलास.

मी पोटावर पालथी झाले, भोकाशी कान नेला.
खाली पाणी चाललं होतं,
अंधारात, कुणाला न विचारता.
“येतंय काही ऐकू?”
मी म्हटलं, थर्मास दे इकडे,
गार होईल.