शाई वाळू दे

मे महिना. हिंगण्याच्या एमआयडीसीत
दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही.
आमच्या लेखा विभागात एक कूलर, माझ्या पाठीशी,
ओल्या वाळ्याच्या वासाचा, ट्रकसारख्या आवाजाचा.
सोमवारी त्यानंच माझी चिठ्ठी उडवली,
मॉनिटरखाली चिकटवलेली, पिवळी,
गोंद कधीच संपलेला.
डिस्पॅचच्या टेबलावरून, माठावरून
ती थेट कॅन्टीनच्या पोराच्या ट्रेमध्ये.
त्यानं मोठ्यानं वाचली:
"संत्रा, ॲट, एक दोन तीन.
मॅडम, हे का होय जी?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.
नंतर बराच वेळ कान तापलेले होते
आणि ते उन्हानं नव्हतं.

तसं शनिवारी ट्रेनिंग झालं होतं.
निकिता खोंडे, मिहानहून आलेली, तेवीसेक वर्षांची,
सांगत होती: चहाला उठताना स्क्रीन लॉक करा,
पार्किंगमध्ये सापडलेला पेनड्राइव्ह लावून बघू नका,
ओटीपी सख्ख्या आईलाही सांगू नका.
मागून कोणीतरी: "आईले ओटीपी मालूमच नाही, बाई."
आम्ही तर्री-पोहे खाल्ले,
हजेरीवर सह्या केल्या, निघालो.

फक्त शालिकराव बोकडे वहीत लिहून घेत होते,
सावकाश, काना-मात्रा जागच्या जागी.
डिस्पॅच क्लार्क. निवृत्तीला अकरा महिने.
वाचताना ओळीखाली बोट.
आम्ही त्यांना पाठीमागे 'पॅसेंजर' म्हणतो.

गुरुवारी मेल आला, तांब्याच्या तारवाल्याचा.
तोच लोगो, तीच सही, तेच 'नमस्कार मॅडम'.
आमची बँक बदलली आहे.
आज तीनच्या आत भरा, नाहीतर माल अडकेल.
चार लाख बासष्ट हजार.
साहेब विमानात. घड्याळात दोन बावन्न.
नवा खाते क्रमांक मी टाकलासुद्धा होता.

बोकडे मागे उभे, हातात आवक रजिस्टर.
"थांबा जी."
चष्मा कपाळावर चढवला,
नाक काचेला टेकेल इतके वाकले,
पत्त्याखाली बोट ठेवलं.
"हा एम नाही. आर अन् एन हाय.
दोन खिळे शेजारी बसवले कोनं तरी.
मधात फट हाय, केसाएवढी."

मला दिसेना. मग दिसली.
मग दुसरं काही दिसेना.

महालातल्या एका छापखान्यात एकोणीस वर्षं
त्यांनी शिशाची अक्षरं उचलली होती, उलटी,
आरशातल्यासारखी.
पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका.
एका पत्रिकेत वधूच्या जागी
वराच्या आत्याचं नाव छापून गेलं,
तेव्हापासून डोळा अडतो, म्हणाले,
आपोआप.
छापखाना गेला. बोटांची काळी गेली.
डोळा तेवढा राहिला, इथे,
लिफाफ्यांवर तिकिटं चिकटवत.

तारवाल्याला फोन लावला,
मेलमधल्या नंबरवर नाही,
जुन्या बिलावर छापलेल्या.
तो जेवत होता.
"बँक? कायची बँक बदलली?"

फोन ठेवल्यावर हात थरथरत होता म्हणून
मी उगाच स्टेपलर नीट लावत बसले.
बोकडे रजिस्टरात नोंद करत होते.
मान वर न करता म्हणाले,
"घाई कोनाले होती? त्याले.
आपल्याले नव्हती.
छापलेला कागद लगेच उचलू नये, मॅडम.
शाई वाळू द्यावी."

आणि मग, हळूच,
"तुमचा तो संत्रा बदलला का?"

बदलला. नवा कुठेही लिहिलेला नाही.
उठताना दोन बटणं दाबते, स्क्रीन काळी होते,
कूलर उडवायला दुसरं काही शोधतो.
नवा पासवर्ड लांब आहे, अख्खं एक वाक्य,
आणि त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे,
मुद्दाम ठेवलेली.
बोकड्यांना कळलं
तर रात्रभर झोपणार नाहीत.