तडतड

उजवा कान अंबडच्या कंपनीत ठेवून आलो.
एकतीस वर्षं, दीडशे टनी पॉवर प्रेस.
डाव्यात माणसं येतात ऐकू,
कुकरची शिट्टीही, जवळ असलो तर.
बारीक आवाज गेले:
पाल, घड्याळ, टाचणी.
त्यांच्यावाचून अडत नव्हतं.

मग भाच्याने पुण्याहून एक पुडी आणली.
म्हणाला, मामा, घोट जिभेवर धरा, संत्रं लागेल.
संत्रं काही लागलं नाही.
पण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला उठावं तसा
पाचला उठलो, आणि परत करून प्यायलो.

आता ओट्यावर सोनाराचा जुना काटा आहे,
बगळ्याच्या मानेची किटली आहे,
गंगापूर धरणाचं पाणी, उकळी मोडेपर्यंत थांबवलेलं.
पंधरा ग्रॅमला अडीचशे. घाई नाही.
आधी थोडंसं ओतायचं, पूड फुगते,
कणकेसारखी श्वास घेते,
मग बाकीचं, गोल गोल.

दाणे चिखलदऱ्याचे, कच्चे,
रंग शेवाळलेल्या दगडाचा, वास सुक्या गवताचा.
भांडीबाजारातली बिडाची कढई, लाकडी उलथनं,
आणि गॅलरीत शेगडी,
कारण फोलपटं उडतात.

पहिली खेप कच्ची. कडबा प्यायल्यासारखी.
दुसरीचा कोळसा.
तिसरीला पिंगळेवहिनींनी बेल वाजवली,
तुमच्याकडे काही जळतंय का?

पुस्तकात लिहिलंय, दाणा तडकला की सावध व्हा,
तिथून दीड मिनिट, फार तर दोन.
मी कढईवर वाकून भुवया भाजून घेतल्या.
दाणे माझ्यासमोर तडकत होते
आणि मी विचारत होतो, तडकले का?

कुमुद कॉफी पीत नाही.
आल्याचा चहा, तोही बशीत.
त्या दिवशी दारात पाठमोरी बसून मेथी निवडत होती.
मान न वळवता म्हणाली,
वाजलं.
नक्की?
अहो, जन्मभर मोहरीवर कान आहे माझा.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला.
तारीख, वजन, आच, मिनिटं,
आणि शेवटी: कु. म्हणाली.

पौषात ती सिन्नरला गेली,
बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
निफाडला पारा पाचावर,
इथेही नळाचं पाणी हाताला चावत होतं.
बरणी रिकामी. दोन दिवस चहा केला,
तिच्यासारखा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी शेगडी पेटवली,
फोन लावला, स्पीकर चालू केला,
कढईशेजारी डब्याला टेकवून उभा केला.
अगं, काही बोलू नकोस. नुसतं ऐक.
आता काय नवीन, म्हणाली,
पण गप्प झाली.
मागे कुणीतरी टीव्ही बंद केला.

मी हलवत राहिलो.
पिवळे झाले. दालचिनी झाले.
वाफ गेली, गोड वास आला.
सहा मिनिटं. सात. आठ.
सिन्नर गप्प.

वाजलं!
एवढ्या मोठ्याने, की खाली सायकल पुसणाऱ्या पोराने वर पाहिलं.

दीड मिनिट मोजलं, शेगडी बंद केली,
दाणे चाळणीत ओतले,
सुपाने वारा घातला.
फोन ठेवायचा राहिला.

अजून वाजतायत, ती म्हणाली.
मी कान जवळ नेला. डावा. काही नाही.
कसे?
जरा वेळ गेला.
सातपूरच्या खोलीचे पत्रे आठवतात?
तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलात,
की ऊन उतरायचं,
आणि ते एकेक करून वाजायचे.
तसे.

नाही, म्हणालो. मी कंपनीत असायचो.

हो, ती म्हणाली. मीच ऐकायचे.
बरं, झाकण लगेच लावू नका.
चार दिवस मुरू द्या म्हणता ना?
रविवारी येतेय.